चाळीस दारं दक्षिणेला

मी एक गाव वसवलं. लहानसंच, चाळीस घरांचं. ज्यांच्यासाठी ते वसवलं त्यांच्यातलं एकही माणूस तिथे एक दिवससुद्धा राहिलं नाही, हा तपशील मी ही गोष्ट सांगताना बरीच वर्षं गाळत आलो. ऐकणारे हसायचे, मीही हसायचो आणि विषय कारंज्यावर नेऊन सोडायचो. कारंज्याची गंमत पुढे येईलच. पण या वेळी गाळायचं काही नाही, असं ठरवून बसलो आहे.

त्या वेळी मी सांगलीपासून दोन-तीन कोसांवरच्या एका संस्थानात, बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला होतो. संस्थानाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत आणि माझा पत्ता शोधणं अवघड नाही.

मी मूळचा मेढ्याकडचा. आमच्या खोऱ्यात घर बांधायचं तर घरातलं वडीलधारं माणूस जागेवर जाऊन उभं राहायचं, नाक वर करून वाऱ्याचा अंदाज घ्यायचं, पाऊस कुठून झोडपतो त्या अंगाला पाठ करायचं आणि काठीने जमिनीवर रेघ ओढायचं. झाला नकाशा. त्यावर सही नाही, शिक्का नाही. तरी त्या घरांच्या भिंती शंभर पावसाळे काढायच्या. मी दोन वर्षं ड्रॉइंग शिकलो, आणि त्या काठीची मला लाज वाटायला लागली. शिक्षणाचा पहिला परिणाम बहुधा हाच.

आमचं मेढं खालशात, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलखात. तिथून संस्थानात नोकरीला येणं म्हणजे आगगाडीने केलेलं परदेशगमनच होतं. साताऱ्याला एक गटार वळवायचं तर त्याचा कागद पुण्याला जायचा, तिथून मुंबईला जायचा आणि परत येईपर्यंत गटार आपलं आपण वळलेलं असायचं. संस्थानात उलटा प्रकार. राजेसाहेबांची मोटार बाजारात हळदीच्या गाड्यांमध्ये अडकली, की पुढच्या आठवड्यात रस्ता रुंद. ज्याचा ओटा गेला त्याला तो गेल्यावर कळायचं. एकीकडे कागदच कागद आणि काम नाही, दुसरीकडे काम झपाट्याने आणि कागदाचा पत्ता नाही. मला दुसरा देश आवडला. तरुण होतो, सगळं लवकर व्हावं असं वाटायचं.

रविवारी मी सायकल काढून माधवनगरला जायचो. तिथल्या गल्ल्या सरळ होत्या. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची बकरी दिसायची. लोक नाटकाला जातात तसा मी त्या गल्ल्या बघायला जायचो. गिरणीतून सुटलेले कामगार माझ्याकडे संशयाने बघत. एकाने एकदा विचारलंही, "कुणाची पोरगी बघाया येता वो?" मी म्हणालो, "काटकोन बघायला." त्यानंतर त्याने मला वाट मोकळी करून दिली. वेड्याला देतात तशी.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. संस्थानच्या गावात कृष्णेच्या काठाला, घाटाच्या खालच्या अंगाला, कुंभार आळी होती. माती जवळ, पाणी जवळ, आणि श्रावणात नदीही फार जवळ. बहुतेक पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागायचं आणि एखाद्या वर्षी आढ्याला. दुसरी मोठी लढाई संपली त्या पावसाळ्यात तीन घरांच्या भिंती बसल्या आणि भाजायला रचलेला मडक्यांचा अख्खा आवा नदीने पुन्हा चिखल करून टाकला. राजेसाहेब होडीतून पाहणी करून गेले. उतरताना एवढंच म्हणाले, "यांना वर न्या." वर म्हणजे गावाच्या पूर्वेचा माळ. हुकूम दिवाणसाहेबांकडून इंजिनियरसाहेबांकडे आला, इंजिनियरसाहेबांकडून माझ्याकडे. माझ्या खाली फक्त मोजणीची साखळी धरणारा माणूस होता, नाहीतर तो आणखी खाली गेला असता.

हा साखळी धरणारा म्हणजे आमच्याच जावळी भागातला, पलटणीतून नुकताच सुटून आलेला हवालदार. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. कचेरीत मला सायेब म्हणायचा, माळावर गड्या. त्याने मिसर पाहिला होता, इटली पाहिली होती, आणि मी माधवनगर. आम्ही मोजणी करताना जगातल्या गावांची तुलना करायचो. म्हणजे तो सांगायचा आणि मी माझी मतं द्यायचो.

"इटलीत सगळी गावं डोंगराच्या टकुऱ्यावर," तो सांगायचा. "खाली लय झ्याक जमीन, पर ऱ्हात कोन न्हाई."

"का?"

"खाली डास. आन शत्रू. म्हातारी मान्सं सांगायची, दोन्हीबी खालनंच येत्यात."

मग एकदा त्याने सांगितलं की तोफांनी सपाट केलेल्या एका गावात ते सकाळी शिरले तर एक म्हातारी उंबरा झाडत बसली होती. "घर न्हाई गड्या. भिताड न्हाई, छप्पर न्हाई. नुसता दगडाचा उंबरा. त्यो झाडून, पुसून, ती आत जाऊन बसली. आत म्हंजी, उगड्यावर." मी ते वहीत लिहून घेतलं, 'जुन्या जागेची ओढ, नियोजनातील अडथळा.' होय, असंच लिहिलं होतं. वही अजून आहे.

पुराची रेघ आम्ही कुंभार आळीतूनच काढली. आळीत एका म्हातारीचा शब्द चालायचा. विधवा, हात कोपरापर्यंत कायम मातीचे. तिला मी मावशी म्हणायचो. पाणी कुठवर येतं विचारलं, तर ती आम्हाला घेऊन आळीभर हिंडली. "हितं चुलीपातूर. हितं माळ्यापातूर. आन ह्ये बगा, लय आलं तवा नंदीच्या नाकापातूर." नदीकाठच्या महादेवाचा नंदी होता तो. हवालदाराने नंदीच्या नाकावर मापाचा दांडा टेकवला, मी दुर्बिणीतून पातळी घेतली आणि नकाशावर निळी रेघ ओढली. तिची चूल त्या रेघेच्या पार आत होती.

"मावशी, आणखी दोन पावसाळे," मी म्हणालो. "मग तुम्ही वर."

"वर म्हंजी माळावर, का देवाकडं?" ती म्हणाली. "न्हाई, देवाकडं जायाचं आसंल तर सांगून ठिवा, मडकी कमी लावते."

मी शब्द दिला. माळावर, असं छातीवर हात ठेवून म्हणालो.

कचेरीच्या कपाटात विलायतेतल्या नव्या वसाहतींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढलं. काय सांगू! मजुराच्या घरालासुद्धा पुढे बाग. धूर नाही, दाटी नाही. प्रत्येक बैठकीच्या खोलीत ऊन आलंच पाहिजे, म्हणून घरांच्या सगळ्या रांगांची तोंडं एकाच दिशेला, सूर्याकडे. मागे सफाईची गल्ली. मी भारावून गेलो. विलायतेतल्या मजुराला जे मिळतं ते आमच्या कुंभाराला का मिळू नये? हा विचार काही वाईट नव्हता, हे आजही म्हणेन. वाईट एवढंच होतं की मी विचार तिथेच थांबवला आणि ट्रेसिंगचा कागद पुस्तकावर ठेवला.

नकाशावर उत्तर दिशा दाखवणारा बाण काढावा लागतो. साधी रेघ आणि टोक, एवढं पुरतं. मी त्याच्यावर चार दिवस घालवले. आठ पाकळ्यांचं कमळ, कमळातून निघालेला भाला, भाल्याच्या टोकाला लाल शाई. उत्तर कुठे आहे हे मी इतकं देखणं दाखवलं की दक्षिण कुठे आली, हे बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. इंजिनियरसाहेब म्हणाले, "बाण सुरेख." दिवाणसाहेबांनी चष्मा बदलून पाहिलं आणि म्हणाले, "मधल्या चौकात कारंजं घाला." ज्या लोकांच्या घरात दर वर्षी न बोलावता पाणी येतं त्यांना कारंजं! पण मी घातलं. नकाशावर कारंजं काढायला मजा येते. राजेसाहेबांची सही झाली. नकाशा एकदाही कुंभार आळीत गेला नाही. तो मळला असता.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. संस्थान ते, कागदाआधी काम. काळ्या दगडाची चाळीस जोती उठली, प्रत्येक जोत्याला दोन-दोन पायऱ्या. मी रोज संध्याकाळी टोकाला उभा राहून त्या पायऱ्यांची सरळ रांग डोळ्यांनी पुनःपुन्हा मोजायचो. माझं स्वतःचं माधवनगर.

मग चांगला दिवस बघून आळीला जागा दाखवायला बोलावलं. माणसं आली, बाया आल्या. म्हातारी ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली होती. पहिल्या जोत्यापुढे थांबली.

"सायेब, पायऱ्या हिकडं का?"

"दार इकडे येणार म्हणून, मावशी."

"हिकडं?" तिने डोळ्यांवर हात धरून सूर्य पाहिला. मग माळाच्या कडेने नदी पाहिली. मग मला पाहिलं. "ही तर दक्षिण."

"हो, मुद्दामच तशी," मी म्हणालो. अंगात अजून हुशारी होती. "त्याने ऊन आत येतं. विलायतेत सगळी नवीन घरं..."

"यमाची दिशा हाय ही."

"विलायतेत तसं मानत नाहीत."

"त्यास्नी मरान न्हाई व्हय?"

मागे हशा झाला. एक मिशीवाला कुंभार रांगेकडे हात करून म्हणाला, "सायबानं यमाची लय सोय केलीया बगा. चाळीस दारं, वळीनं. हुडकाया नगं, नंबर बगायचा आन हाक मारायची." दुसऱ्याने विचारलं, "आन ह्यो म्होरं मोकळा तुकडा कशाला?"

"हिरवळ," मी म्हणालो.

"मंग गाढवं तरी ऱ्हातील," तो म्हणाला.

गाढवं! कुंभाराच्या घरी माती वाहायला गाढवं असतात, आवा लावायला अंगण लागतं, ओली मडकी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात फिरवायला जागा लागते. माझ्या नकाशात यातलं काहीच नव्हतं. पण ते सगळं हळूहळू जमवता आलं असतं. दाराचं मात्र जमणार नव्हतं. मी घाईघाईने म्हणालो, दार मागच्या अंगाला काढू, उत्तरेला. म्हातारी जोत्याला वळसा घालून मागे गेली. मागे सफाईची गल्ली आखलेली होती. तिच्या कडेला, काढू म्हटलेल्या दारांना लागूनच, त्याच रांगेचे टोपलीचे संडास यायचे होते. विलायतेच्या नकाशावर बुद्धी गहाण टाकली की काय होतं ते त्या गल्लीत उभं राहून चांगलं दिसत होतं.

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ताटातला नारळ पदराखाली घेतला आणि म्हणाली, "बाबा, तू वाईट न्हाईस. पर पानी येतं त्ये कवातरी येतं. ह्या दारातनं रोज जायाचं."

ती सगळी माणसं माळ उतरून खाली गेली. न फुटलेला नारळ परत जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

हवालदार साखळी गुंडाळत होता. म्हणाला, "गड्या, तुझी आय तुला लहानपनी दक्षिनेला पाय करून झोपू देत हुती?"

"नाही."

"घरात दक्षिनेला दिवा लावला तर?"

"थोबाडीत देत होती."

"मंग?"

"मी नकाशा काढत होतो," मी म्हणालो. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि आजही नाही. जे घरात माहीत असतं ते मी कचेरीत शिरताना चपलांबरोबर बाहेर ठेवत होतो.

मी नवा नकाशा काढला. चार दिवसांत. या वेळी बाण साधा. रांगा फिरवल्या, दारं पूर्वेला घेतली, गाढवं बांधायला वाडगी, आव्यासाठी वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळी जागा, आणि कारंजं खोडलं. हा नकाशा मी खाली आळीत नेला. म्हातारीने त्याला हात लावायच्या आधी हात धुतले. बोट फिरवत फिरवत विचारलं, "माजं कंचं?" मी दाखवलं. तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. कोपऱ्यावर मातीचा ठसा उमटला तो मी पुसला नाही.

आता फक्त सही हवी होती. पण जुन्या नकाशावर राजेसाहेबांची सही होती आणि चाळीस जोती उभी होती. पायऱ्या उखडायच्या म्हणजे राजेसाहेबांना सांगावं लागणार की तुमच्या सहीखाली चूक झाली. इंजिनियरसाहेब म्हणाले, "मर्जी बघून सांगतो." मर्जी बघण्यात पावसाळा गेला. त्या वर्षी पाणी चुलीपर्यंतच आलं. दसरा गेला. पुढच्या वर्षी देशच बदलला, आणि मर्जी कुठे सापडेना. मग एके सकाळी कचेरीवर दुसरं निशाण दिसलं. संस्थान विलीन झालं होतं. आमची दप्तरं लाल रुमालांत बांधून साताऱ्याला गेली, त्यात जुना सहीचा नकाशा आणि नवा बिनसहीचा नकाशा एकमेकांना चिकटून गेले.

मी उत्साहात होतो, हेही सांगितलं पाहिजे. वाटलं, आता दोन्ही देशांतलं चांगलं ते एक होईल. खालशाचा कागद आणि संस्थानचा वेग. झालं ते असं, की खालशाचा वेग आला आणि संस्थानचा कागद.

साताऱ्याला जाऊन नव्या साहेबांना समक्ष भेटायचं मी ठरवलं. निघताना म्हातारीने पाण्याचा एक नवा मातीचा खुजा आणून दिला. "गाडीत पानी पी. तिकडचं पानी बादंल तुला." मी म्हणालो, अहो मी तिकडचाच. "आसू दे. आता हितला झालास," ती म्हणाली.

सातारा रोडला उतरून मोटारीने गावात पोहोचलो. कचेरीत दोन दिवस बाकावर बसलो, खुजा बाकाखाली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. नुकतेच बदलून आलेले, खादीतले, सभ्य गृहस्थ. त्यांनी दोन्ही नकाशे पुढे ठेवले होते.

"पहिल्या नकाशात काय चूक आहे?" त्यांनी विचारलं. "मला तर फार प्रगत वाटतो."

"साहेब, दारं दक्षिणेला आहेत. लोक राहायला तयार नाहीत."

"लोकांची भोळी समजूत हे नकाशा बदलायचं कारण होत नाही. आता आपलं राज्य आहे. यमाला भिऊन कसं चालेल?"

हे म्हणताना त्यांचे डोळे बारीक झाले होते, कारण समोरच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. खोलीत खुर्ची ठेवायला तीन चांगल्या जागा होत्या. साहेब पूर्वेला तोंड करून बसले होते.

मी दुसरा नकाशा वर सरकवला. तेच पुढे म्हणाले, आणि मला वाटतं भल्याच बुद्धीने म्हणाले, "हे बघा, समजुतीसाठी नाही बदलता येत. पण नकाशाच चुकलेला असेल तर बदलता येतो. काढणाऱ्याने स्थानिक परिस्थिती न बघता काढला, गाढवांना जागा नाही, भट्टीला जागा नाही, असं लेखी द्या. कुणी काढला ते लिहा. दुसरा मी आज मंजूर करतो. बाहेर बसून लिहा."

बाहेर बाकावर बसलो. कागद घेतला. विलीन झालेल्या संस्थानांतल्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, याची यादी त्याच टेबलावर मी उलटी वाचली होती. माझं नाव होतं, त्यापुढे जागा कोरी होती. लग्नाला वर्ष झालं होतं. आई मेढ्याला सगळ्यांना सांगत होती की पोरगा गावं वसवतो.

कागदावर मी लिहिलं, 'मूळ नकाशा शास्त्रशुद्ध आहे. रहिवाशांच्या पारंपरिक समजुती आड येत आहेत.' खाली सही केली. अक्षर फार चांगलं आलं होतं.

साहेबांनी वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जुन्या नकाशावर शिक्का मारला. शेरा लिहिला, मंजूर नकाशाप्रमाणे काम पूर्ण करावे, लाभार्थींनी नाकारल्यास तशी नोंद घ्यावी. मोटारीत बसल्यावर तहान लागली तेव्हा खुजा बाकाखालीच राहिल्याचं लक्षात आलं. मोटार उभी होती. मी उतरलो नाही.

म्हातारी घाटावर भेटली. तिने नकाशाचं काही विचारलं नाही. म्हणाली, "खुजा कुटं?"

"फुटला, मावशी."

"वाटंतच?"

"वाटेतच."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि धुतलेल्या मडक्यांकडे वळली.

हवालदाराला मात्र मी सगळं सांगितलं, त्याने शिव्या घालाव्यात म्हणून. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरं हाय, सायेब." माळावर होतो आम्ही, कचेरीत नव्हतो. त्यानंतर त्याने मला गड्या म्हणून कधी हाक मारली नाही.

त्या पावसाळ्यात पाणी नंदीच्या नाकाच्या वर गेलं. चार दिवसांनी उतरलं तेव्हा खालची अर्धी आळी नव्हती. माणसं आधीच घाटावर चढून बसली होती म्हणून जीव वाचले. चाकं, माती, रचलेली मडकी, दोन गाढवं वाहून गेली. मी आणि हवालदार पातळी घ्यायला गेलो. निळी रेघ हातभर वर सरकवावी लागणार होती. म्हातारीच्या घराच्या भिंती बसल्या होत्या आणि ती चिखलातून उंबरा उकरून काढत होती. हवालदार तिच्याकडे पाहत उभा राहिला. मला वाटलं आता तो इटली म्हणेल. तो म्हणाला, "दांडा कुटं धरू, सायेब?"

आळी मोडली. धडधाकट माणसं माधवनगरच्या गिरण्यांत गेली, काही सांगलीला बाजारात हळदीची पोती उचलायला. त्या गिरणीच्या चाळींच्या गल्ल्या मी सायकलवरून बघायचो त्याच. मिशीवाला मला तिथे एकदा भेटला. "झ्याक हाय," म्हणाला. "सरळ हाय. गाढव सोडलं तर भोंग्यापातूर न चुकता जाईल. आमीबी जातो." म्हातारी आणि आणखी चार-पाच घरं मात्र तिथेच, त्याच उंबऱ्यांवर, पत्रे टाकून राहिली.

माळावरची चाळीस घरं मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली. रिकामी कशाला ठेवायची, म्हणून सरकारने ती आपल्या नोकरांना दिली. सरकारी नोकराला दिशा निवडायची सोय नसते. आमचा जिल्हाही तोवर कापून वेगळा केला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं दक्षिण सातारा. मी कायम झालो, आणि कायम झालेल्यांच्या यादीत मला जे घर मिळालं ते पहिल्या रांगेतलं पहिलं. तेच, ज्याच्या पायऱ्यांपुढे ती नारळ घेऊन थांबली होती.

आई मेढ्याहून नातवाला बघायला आली. बैलगाडीतून उतरली, दार पाहिलं, सूर्य पाहिला आणि मला म्हणाली, "हे कुणी बांधलं?" मी म्हणालो, सरकारने. ती रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बसली. नातवाला तिथेच आणून दाखवला. तिथेच जेवली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. पुन्हा आली नाही.

आणि ऊन! पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बैठकीच्या खोलीत ऊन आलं, अगदी तंतोतंत आलं. डिसेंबरमध्ये ते थेट मागच्या भिंतीला टेकायचं. फाल्गुनापर्यंत जोत्याचा काळा दगड असा तापायचा की पायरीवर अनवाणी उभं राहवत नसे. विलायतेत ऊन घरात यावं म्हणून धडपडतात, आमच्याकडे ते बाहेर राहावं म्हणून. एवढी एक गोष्ट ट्रेसिंगच्या कागदातून झिरपली नाही. कुंभारांना आवा लावायला मी जागा ठेवली नव्हती. त्याऐवजी चाळीस आवे बांधून ठेवले आणि आम्ही कारकून लोक त्यात राहायला गेलो. चौकात कारंजं होतं. कोरडं. त्यात पोरं गोट्या खेळायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारी माठ घेऊन माळावर विकायला यायची. पुढच्या दारी कधी आली नाही. संडासांच्या गल्लीतून, नाकाला पदर लावून मागच्या अंगाला यायची आणि हाक मारायची. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "मावशी, पुढून या ना." ती म्हणाली, "तेवढं सांगू नगंस, बाबा." बायकोने माठ वाजवून घेतला. म्हातारी चुंबळ झटकून उभी राहिली, आणि मग मला, गावच्या नकाशाच्या माणसाला, तिने विचारलं, "औंदा पानी कुटवर येईल?"

मी आतून नकाशा आणला नाही. त्याची गरज नव्हती. "लय आलं तर नंदीच्या नाकापर्यंत," मी म्हणालो. "वरसुद्धा जाईल."

"त्ये मीच तुला सांगितलेलं," ती म्हणाली, आणि नुसती चुंबळ हातात घेऊन त्याच गल्लीतून खाली नदीकडे गेली.